काळा हा काळाच दिसला पाहिजे

७ जून, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाच्या वाचनासाठी नाही. या घरात मी बोललेलं कोणी ऐकत नाही, निदान कागदाने तरी मध्ये बोलू नये.

निमित्त: मेहुणा. सकाळी आला, चहा प्यायला, बिस्किटांचा पुडा संपवला आणि जाताना आमच्या टीव्हीच्या मागे एक काडी खुपसून गेला. काडी म्हणजे अंगठ्याएवढं काळं प्लास्टिक. त्यातून म्हणे इंटरनेटवरून जगातले सगळे सिनेमे घरात येतात. डिस्क नको, प्लेअर नको, उठायला नको. भाऊजी, आता सगळं बसल्या जागी, असं म्हणाला. या माणसाने आयुष्यात सगळंच बसल्या जागी केलं आहे.

मी शांतपणे समजावलं की उठणं हाच सिनेमाचा पहिला भाग. कपाट उघडायचं, डिस्क निवडायची, कडेने धरायची, मऊ फडक्याने आतून बाहेर पुसायची, फुंकर मारायची नाही. त्याने विचारलं, फुंकर का नाही मारायची? यावरून माणसाची पातळी कळते.

बायको हसत होती. कोणाला, ते विचारलं नाही.

८ जून

कामावरून आलो तर बायको काडीवर मालिका बघत होती. भाजी निवडता निवडता. मध्येच उठली, गॅस बंद केला, परत आली. तोवर नट तोंड उघडं ठेवून तसाच थांबलेला. नटाला काही मान आहे की नाही?

मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेड तपासतो. रंगवलेल्या कापडाचा प्रत्येक लॉट माझ्या नजरेखालून जातो. मी मान हलवली तर ट्रक निघतो, नाही हलवली तर कापड परत हौदात. दोन निळ्यांतला फरक सांगायला लोक मशीन विकत घेतात. मी नुसता बघतो. अशा माणसाच्या टीव्हीवर आज अंधाराचं दृश्य चालू होतं आणि अंधारात चौकोन दिसत होते. राखाडी, बारीक चौकोन. तो अंधार होता की बाथरूमची फरशी?

बायकोला दाखवले. ती म्हणाली, कुठे? मी बोट लावून दाखवले. ती म्हणाली, स्क्रीनला बोट लावायचं नाही असं तुम्हीच सांगता ना?

हे खरं आहे. पण मुद्दा तो नव्हता.

१३ जून, शनिवार

लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून शनिवार संध्याकाळ आमची. मी डिस्क लावतो, ही सोफ्यावर माझ्या डाव्या बाजूला बसते. बाकी सहा दिवस आम्ही गॅस, गुडघे आणि तिच्या भावाविषयी बोलतो. शनिवारी बोलत नाही. तेच बरं असतं.

आज खुनाचा सिनेमा. आधी डिस्कवरच्या सूचना. सिनेमा चोरून पाहणं हा कसा गुन्हा आहे, हे वेगवेगळ्या भाषांत. या सूचना पुढे ढकलता येत नाहीत. ही म्हणाली, आपण विकत आणलाय ना, मग आपल्यालाच का दम देतात? तिला शिस्त म्हणजे काय हे समजावून सांगितलं. तोवर सूचना संपल्या, मग मेनू, मग तेच संगीत पुन्हा पुन्हा, कारण रिमोटमधले सेल संपले होते. भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातले.

सिनेमा उत्तम. चित्र अप्रतिम. शेवटाच्या जरा आधी अडकलं. डिस्क काढली, पुसली, घातली. अडकलं. काढली, पुसली, घातली. अडकलं. ही म्हणाली, शेवटचा भाग काडीवर बघून टाकू. मी स्पष्ट नकार दिला. खुनी कोण हे महत्त्वाचं नाही, खुनाच्या खोलीत उजेड कसा पडला होता हे महत्त्वाचं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

हात धुऊन आलो तेवढ्यात हिने काडीवर बघून घेतलं होतं. तिला खुनी माहीत आहे. मला सांगत नाही.

१४ जून

सकाळपासून खुनी सांगितलेला नाही. मीही विचारणार नाही.

१५ जून

विचारलं. सांगितला नाही. खोलीतला उजेड आठवत बसा म्हणाली.

२० जून, शनिवार

आज कायमचा निकाल लावला. मेहुण्याला मुद्दाम बोलावलं. अट अशी: एकच सिनेमा, कधी डिस्कवर, कधी काडीवर, अशा काही फेऱ्या. लावेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभा राहणार. मग वळून सांगणार, कोणता कशावर. ओळखलं तर काडी ड्रॉवरमध्ये जाणार. नाही ओळखलं तर माझं डिस्कचं कपाट माळ्यावर.

प्रत्येक वेळी अचूक! नुसत्या नजरेने. डिस्क प्लेअर चालू झाला की घरघरतो हे खरं आहे, पण त्या आवाजाकडे मी लक्ष दिलं नाही. शेवटच्या फेरीत तर मी तत्काळ ‘डिस्क’ म्हणालो, तेव्हा मेहुणा म्हणाला, भाऊजी, अजून तुम्ही वळला नाहीत. याला अनुभव म्हणतात.

बायकोने स्वतःच उठून काडी उपटली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.  तिला पटलं असणार. पूर्ण विजय.

२७ जून, शनिवार

डिस्क लावली. हाक मारली. सूचना संपल्या की येते, असं स्वयंपाकघरातून उत्तर. सूचना संपल्या. पुन्हा हाक. आलेच, म्हणाली. सिनेमा संपला.

आत जाऊन बघतो तर काय, ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केलेला आणि फोनवर मालिका चालू! तळहाताएवढा पडदा. त्यावर पिठाचे ठसे. वरून ट्यूबलाइटची चकाकी. मध्ये वाफ. आणि ही त्या वाफेतून बघून डोळे पुसत होती. कांद्याने की मालिकेने, विचारलं नाही. कॅमेऱ्यामागे माणसं दिवसदिवस उजेड जुळवत उभी असतात ते कशासाठी? कुकरच्या शिट्टीसाठी?

सोफ्याची डावी बाजू मोकळी असली की आवाज अधिक चांगला घुमतो, असं लक्षात आलं. हा एक फायदाच.

५ जुलै, रविवार

काल पुन्हा तेच. आवाज पुन्हा चांगला घुमला.

विचार केला. दोष माझ्या तत्त्वात नाही, आमच्या हॉलमध्ये आहे. कारखान्यात शेड तपासायची खोली वेगळी असते. भिंती करड्या, बाहेरचा उजेड बंद, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर करडा कोट. कारण शेजारी कोणी लाल शर्ट घालून उभा राहिला तरी कापडावर लाली चढते. आमच्या हॉलची भिंत पिवळट, पडदे फुलाफुलांचे, उशा केशरी. या गोंधळात कोणाला काय चित्र दिसणार? म्हणून तर बायकोला फोन आणि टीव्ही सारखेच वाटतात.

निश्चय: हॉलची शेड-रूम करायची. असं चित्र दाखवायचं की ती फोन विसरून सोफ्यावर येऊन बसली पाहिजे. मात्र हे तिला बोलून दाखवायचं नाही. आपण बोलावलं असं वाटता कामा नये.

११ जुलै, शनिवार

उशा पलंगाखाली. पडदे उतरवले, जुन्या करड्या चादरी टांगल्या. ही येऊन बसली! पण लाल गाऊन घालून. सगळ्या पडद्यावर तिची लाली. मी सौम्यपणे सुचवलं आणि माझा कारखान्यातला जुना करडा कोट पुढे केला. डोकं ठिकाणावर आहे का, असं तिने विचारलं. तरी घातला. बटणं लावली. थोडा वेळ बसली. मग म्हणाली, रात्रपाळीला आल्यासारखं वाटतंय, हजेरी कुठे लावू?

कोट सोफ्यावर घडी घालून ठेवला आणि आत गेली. घडी मात्र चांगली घातली होती.

१९ जुलै, रविवार

भिंत स्वतः रंगवली. तयार करडा रंग आणला होता, पण डबा उघडल्या उघडल्या दिसलं की साफ पिवळट. दुकानदाराला फोन करून झापलं. तो म्हणाला, आजवर कोणाची तक्रार नाही. असणार कशी? डोळे लागतात. पिवळेपणा मारायला थोडा निळा घातला. तरी पिवळट. आणखी निळा. अजून किंचित पिवळा. निळ्याची बाटली संपली तेव्हा कुठे शुद्ध करडा हाती लागला. असा करडा आमच्या कारखान्यातसुद्धा नाही.

मेहुणा येऊन म्हणाला, वा भाऊजी, निळा झकास. बायको म्हणाली, थोडा जांभळट आहे, पण मला आवडला. इतकी वर्षं शेड तपासणाऱ्याशी संसार करून करड्याला जांभळा म्हणते. संगतीचा परिणाम होतो म्हणतात, तो भावाच्या संगतीचा झाला.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. भिंतीसमोर मुद्दाम उभा राहिलो. बाबा, तुम्ही पाण्याखाली आहात का, असं तिने विचारलं. बघा. फोनवर रंग कसे दिसतात त्याचा हा पुरावा.

२५ जुलै, शनिवार

नव्या हॉलमध्ये पहिला खेळ. निराशा. डिस्कवरसुद्धा धुकं! रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं. स्क्रीन पुसली. डिस्क पुसली. चष्मा पुसला. कडं तसंच. म्हणजे टीव्ही गेला. आजकाल टिकाऊ काही बनवतच नाहीत.

हार मानणारा मी नव्हे. सेटिंगमध्ये शिरलो. ब्राइटनेस वर, कॉन्ट्रास्ट वर, पांढरा रंग पिवळा दिसत होता म्हणून निळा वर, अगदी टोकापर्यंत. आता माणसं माणसांसारखी दिसू लागली. ही आतून पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली. हे सगळे मेलेत का, असं विचारलं.

पण थांबली. बराच वेळ बघत होती. परिणाम होतो आहे.

२ ऑगस्ट, रविवार

सोफा पुढे ओढला. चित्र सुधारलं. आणखी पुढे ओढला. आणखी सुधारलं. आता सोफा टीव्हीपासून हातभर. मोठा पडदा असाच बघायचा असतो, हे कोणाला माहीत नसतं. बायको म्हणाली, मांडीवरच घेऊन बसा ना. तिच्या विनोदबुद्धीची कीव आली. मधल्या जागेतून जाता येत नाही, म्हणून तिला आता स्वयंपाकघरातून बेडरूमला जायला सोफ्यावर चढून जावं लागतं. चढते, पण बसत नाही.

८ ऑगस्ट, शनिवार

आज ती आली. आधीच नोंदवतो, कारण पुढचं फारसं महत्त्वाचं नाही.

लग्नानंतर आम्ही दोघांनी पहिला बघितलेला सिनेमा माझ्याकडे डिस्कवर आहे. सकाळीच सहज बोललो की आज तो लावणार आहे. ती म्हणाली, तो? खरंच? दुपारी तिने काम आवरलं, चहा करून थर्मासमध्ये भरला, आपणहून करडा ड्रेस घातला. सोफ्यावर डाव्या बाजूला बसली. सूचना सुरू झाल्या तरी कुरकुर नाही. त्या सिनेमात नायिका छत्री हरवते तो भाग आठवतोय का, असं विचारलं. मी आठवतोय म्हणालो. माझ्या आठवणीत छत्री नव्हतीच, पण आज वाद घालायचा नव्हता.

सूचना संपल्या आणि पडद्यावर वॉशिंग मशीन आलं. आमच्या जुन्या मशीनबरोबर मिळालेली माहितीची डिस्क. डबीवरची अक्षरं इतकी फिकी छापतात की कोणालाही फसायला होईल. मी झटकन काढणार होतो, पण रिमोट सापडेना. कपडे कसे भरावेत, पावडर कुठे घालावी, सगळं दाखवून झालं. ही हसायला लागली. सोफ्यावर आडवी होऊन हसली. डोळ्यांतून पाणी. मीही हसलो असतो, पण टीव्हीवरचा पांढरा रंग बघत होतो. ड्रमच्या आतला पांढरा अगदी पांढरा होता.

मग थर्मास घेऊन आत गेली. खरी डिस्क शोधेपर्यंत आतून मालिकेचं संगीत यायला लागलं होतं. वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, बोलणार नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

कारखान्यात मूर्खपणाचा कळस. मी पास केलेला एक लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला. म्हणे शर्टाची कॉलर पांढरी आणि बाह्या निळसर. मी दोन्ही तुकडे लाइट बॉक्सच्या ठरावीक उजेडात धरून दाखवले. एकच शेड. नवीन मॅनेजर, वयाने माझ्या लेकीएवढा, तुकड्यांकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, काका, सगळ्या तपासनीसांच्या डोळ्यांची तपासणी करून घेऊ या.

तपासनीस मी एकटाच आहे.

२२ ऑगस्ट, शनिवार

डोळ्यांची डॉक्टर. बायको सोबत आली, नको म्हणत असताना. तक्ता समोर. वरचं मोठं अक्षर ओळखलं. त्याखालची छपाई निकृष्ट, काळा रंग फिका, कडा फुटलेल्या. मी डॉक्टरबाईंना तसं सांगितलं आणि शाई बदलायचा सल्ला दिला. त्यांनी विचारलं, दिव्यांभोवती कडं दिसतं का? धुकं? सगळं पिवळट? मी सांगितलं, हो, पण तो चित्र दाबून दाबून पाठवण्याचा परिणाम आहे, टीव्हीवाल्यांचा दोष. त्या म्हणाल्या, रस्त्यावरचे दिवे पण टीव्हीवाले पाठवतात का?

शेजारच्या खुर्चीतून बायकोचा आवाज आला. खोकला असावा.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, असं बाईंचं म्हणणं. म्हणणं. मी दुसरं मत घेणार.

२४ ऑगस्ट

दुसरं मत घेतलं. या डॉक्टरांचा तक्ता फार सुंदर छापलेला होता. त्यातलंही काही दिसलं नाही.

२५ ऑगस्ट

ऑपरेशनला तयार झालो आहे. गरज म्हणून नव्हे. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून.

९ सप्टेंबर, बुधवार

उजवा डोळा झाला. वर पट्टी. अंदाजाने लिहितो आहे. ओळी वाकड्या असतील तर असोत.

घरी आल्यावर हिने मला पलंगावर आडवं केलं आणि डावा डोळाही मिटून घ्यायला लावला. डॉक्टरने असं काही सांगितलेलं नाही. हिची स्वतःची भर. संध्याकाळी शेजारी येऊन बसली आणि फोनवर मालिका लावली. आवाजाने माझ्या कपाळाला आठ्या पडल्या असाव्यात, कारण ती म्हणाली, थांबा, सांगते. आणि सांगायला लागली. ही मोठी बहीण, हिला धाकटीचं लग्न मोडायचंय. हा जिन्यात लपलाय. आता तिने हिरवा शर्ट पाहिला. मी विचारलं, कोणता हिरवा? हिरवा हिरवा, म्हणाली. हिरवा हिरवा अशी शेड नसते, असं मी सांगितलं. झाडासारखा, म्हणाली. कोणत्या झाडासारखा? गप्प पडा, म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली.

चित्राचा दर्जा: सांगता येत नाही, दिसलंच नाही. मालिका अत्यंत सुमार. दोन भाग झाल्यावर ती थांबली, तर मीच म्हणालो की जिन्यातल्या माणसाचं काय झालं ते अर्धवट राहिलं.

१० सप्टेंबर

पट्टी काढली.

हॉलची भिंत निळी आहे.

नुसती निळी नाही, जांभळट निळी. शाळेच्या गणवेशासारखी.  रंग वाळल्यावर बदलतो कधीकधी. बदलला तर घरातल्यांनी सांगायला नको? बायको म्हणाली, सांगितलं होतं.

ती बाजारात गेल्यावर टीव्ही लावून बघितला. सगळे बुडून मेलेले. सेटिंग मूळ जागी आणली. मग एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, आलटून पालटून बघितलं. नव्या डोळ्याने पांढरा शर्ट पांढरा. जुन्या डोळ्याने त्याच शर्टावर चहा सांडलेला. म्हणजे परत आलेल्या त्या लॉटच्या बाह्या. असो. कारखान्यात लाइट बॉक्सची ट्यूब जुनी आहे, हे मी कधीपासून सांगतो आहे.

१२ सप्टेंबर, शनिवार

औषधाचे थेंब घालायला बायको दिवसातून अनेकदा येते. डोळा स्पष्ट झाला का, असं विचारलं. झाला आहे. कपाटावरची धूळसुद्धा दिसते. पण घाई नको म्हणून मी ‘अजून धूसर’ असं सांगितलं. हे खोटं नाही, काळजी आहे.

संध्याकाळी डोळे मिटून पडलो. तिने पुढचे भाग सांगितले. धाकटीने लग्नाला नकार दिला. शाबास.

१६ सप्टेंबर

अजून धूसर.

तिचा सांगण्याचा ढंग वाईट नाही. मोठ्या बहिणीचं बोलताना ती आवाज बदलते. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. रंगांच्या बाबतीत मात्र शून्य.

१९ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळा उत्तम. मी त्यांना बाजूला घेऊन विनंती केली की बायकोसमोर जरा जपून बोला. त्यांनी कारण विचारलं. घरगुती आहे, म्हणालो.

२३ सप्टेंबर, बुधवार

घात झाला. मी डोळे किलकिले करून पडलो होतो. ही सांगत होती: आता तो निळा कोट घालून दारात आलाय. माझ्या तोंडून निघून गेलं, निळा नाही, मोरपंखी. तोही मळलेला.

 मग तिने माझ्यासमोर बोटं नाचवली. मी दोन म्हणालो. दोनच होती. एवढ्या लांबून, एवढ्याशा फोनवरचा मळ दिसतो, आणि धूसर? असं तिने विचारलं. मी म्हणालो, डोळा आत्ताच, याच क्षणी सुधारला. तिने फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, बघा मग तुमचं तुम्ही. उठून गेली.

बघितला एक भाग. एकट्याने ती मालिका फार लांबते.

२६ सप्टेंबर, शनिवार

सोफा मूळ जागी ओढला. केशरी उशा पलंगाखालून काढून परत ठेवल्या. ड्रॉवरमधून काडी शोधून टीव्हीच्या मागे लावली. नव्या डोळ्याने तुलना करावी, एवढ्याच हेतूने. मालिका लावली. मोठ्या पडद्यावर अंधाराचं दृश्य आलं. चौकोन शोधले. जवळ जाऊन शोधले. एकही नाही. मधल्या काळात कंपनीने सुधारणा केली असावी.

मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगितलं: मालिका टीव्हीवर लावली आहे, ज्यावर तुला हवी त्यावर लावली आहे, अंगावर लाल असलं तरी चालेल, मध्येच उठलं तरी चालेल. मला वाटतं, याहून जास्त स्पष्ट मी कधी बोललो नव्हतो. ती कणीक मळत होती. फोन डब्याला टेकलेला. म्हणाली, राहू दे हो. मला आता इथेच सवय झालीये.

मी जाऊन टीव्ही बंद केला.

२७ सप्टेंबर

डावीकडची जागा मोकळी असताना आवाज चांगला घुमतो, असं मागे लिहिलं आहे. चूक आहे. कुठून घुमतो कोण जाणे, ती जागा बघवत नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

हॉलमध्ये डिस्क लावली. मूळ सेटिंग. एक डोळा नवा. काळा हा काळाच दिसत होता, असं चित्र आजवर या घरात दिसलं नव्हतं. सूचना संपायच्या आत बंद केलं.

स्टूल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. कशाला आलात, असं तिने विचारलं. वाफेचा स्क्रीनवर काय परिणाम होतो ते बघायला, असं सांगितलं. गप्प बसणार असाल तर बसा, म्हणाली. ओट्याच्या उजवीकडे बसलो. तिथून फोनवर फक्त ट्यूबलाइट दिसते. तिने फोन वळवला नाही. मी वळव म्हटलं नाही. धाकटीने ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं आहे तो कोण, ते विचारलं. मधले भाग बघायचे होते, म्हणाली.

४ ऑक्टोबर, रविवार

आज स्टूल डाव्या बाजूला ठेवलं. तिथून दिसतं. ती पोळपाटावर वाकली की मध्ये तिचं डोकं येतं आणि अर्धा पडदा जातो. बाजूला हो म्हटलं नाही. दिसलं तेवढं बघितलं.